वेत्रदेशाला दिलेला शब्द

फार पूर्वी शोणा नदीच्या काठी रत्नवती नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्मला. त्याचे नाव क्षेमक. बापामागे तोच सुबाहूचा प्रधान झाला. तो सावकाश बोले. दरबारात कोणी काही विचारले की आधी खाली पाही, मग उत्तर देई. थट्टेखोर लोक म्हणत, "प्रधानजींचा शब्द विहिरीतून शेंदून काढावा लागतो." पण एकदा निघालेला त्याचा शब्द मागे गेलेला मात्र कोणी पाहिला नव्हता.

रत्नवती आणि तिच्या पश्चिमेकडची दोन राज्ये यांच्यात जुना करार होता. एकावर जो चालून येईल तो तिघांचा शत्रू. तिन्ही राज्ये बळाने सारखी होती आणि त्यांचे रस्ते एकमेकांना मिळालेले होते. मदत येईपर्यंत प्रत्येकाला आपली वेस राखता येई. म्हणून त्या कराराची परीक्षा पाहायला कोणी धजत नसे.

शोणेच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत वेत्रदेश होता. वेताची बने, कड्यांना लटकलेली मधाची पोळी आणि थोडीशी गावे, एवढाच तो देश. डोंगराच्या मागे कालसेन राजाचे बलाढ्य राज्य होते. वेत्रदेशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कालसेनाच्या घराण्याला दरवर्षी मध पाठवीत आणि आपल्या घरी स्वस्थ राहत. मध आला की कालसेनाला त्यांची आठवण होई, एरवी तो त्यांना विसरलेला असे. एका वर्षी मात्र त्याने मधाबरोबर सैन्यासाठी तरणी मुलेही मागितली.

तेव्हा वेत्रदेशाचा नायक उदेय आपली मुलगी सामा हिला बरोबर घेऊन रत्नवतीला आला. तो म्हातारा होता, पण ताठ होता. दरबारात उभा राहून तो म्हणाला, "महाराज, मध देत आलो, देत राहू. पण पोरं कुठून देऊ? आम्हाला तुमच्या करारात घ्या. तुमचा ध्वज आमच्या खिंडीत उभा राहिला की कालसेन पुन्हा असं मागणार नाही."

सुबाहूला हे ऐकून बरे वाटले. लोक आपल्या आसऱ्याला येतात, हे कोणत्या राजाला आवडत नाही? सेनापती म्हणाला, "महाराज, लढायची पाळीच येणार नाही. ध्वज पाहूनच तो गार पडेल."

राजाने क्षेमकाकडे पाहिले. क्षेमक थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "महाराज, पावसाळ्यात शोणा दुथडी भरून वाहते. तेव्हा आपलं सैन्य पलीकडे जाऊ शकत नाही. कालसेनाची वाट मात्र डोंगराच्या धारेवरून येते. तिला नदीही नाही आणि चिखलही बेताचा. म्हणजे वर्षातले चार महिने आपला शब्द नदीच्या अलीकडेच राहील. दुसरं असं की खिंडीतून खाली कालसेनाची धान्याची कोठारं दिसतात. तिथे आज मध काढणारे बसतात, म्हणून तो निर्धास्त आहे. उद्या तिथे आपला ध्वज दिसला तर त्याची झोप उडेल."

"मग यांना हाकलून द्यायचं?" राजाने विचारले.

"नाही, महाराज. मी कालसेनाकडे जातो, मुलांची मागणी सोडवायचा यत्न करतो. नाहीच ऐकलं, तर या लोकांना नदीच्या अलीकडे जमीन द्या, धान्य द्या. जे निभावता येईल ते सगळं द्या. पण तुमच्यासाठी लढू, असं मात्र म्हणू नका."

उदेयाचा चेहरा उतरला. "प्रधानजी," तो म्हणाला, "लहानांना सबुरी शिकवायला मोठ्यांचं काय जातं? आम्ही जमीन मागायला आलो नाही. जमीन आम्हाला आहे."

राजाने उदेयाला जवळ बोलावून आपल्या शेजारी बसवले आणि वेत्रदेश करारात आला. पश्चिमेच्या दोघा राजांनीही फारसा विचार न करता होकार कळवला. देश एवढासा, त्याच्यापायी कसला त्रास व्हायचा, असे त्यांना वाटले.

आता ध्वज घेऊन कोणी जायचे? राजा म्हणाला, "क्षेमका, तूच जा. तुझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात."

क्षेमकाने नाही म्हणून पाहिले. पण मग त्याच्या मनात आले, 'मी गेलो नाही तर सेनापती जाईल आणि नसलेलेही पदरचे घालून सांगेल.' म्हणून तो गेला.

खिंडीत सगळा वेत्रदेश जमला होता. ढोल वाजत होते. क्षेमकाने ध्वज रोवला, राजाची शपथ जशीच्या तशी सांगितली आणि पुढे म्हणाला, "हा माझ्या राजाचा शब्द झाला. पण शोणा भरली की सैन्य येणं अवघड आहे, हे ध्यानात असू द्या. माझ्यापुरतं मी एवढंच सांगतो, संकट आलं तर मी येईन."

ढोलांच्या गजरात लोकांनी राजाची शपथ ऐकली, पुढची गोष्ट फारशी कोणी ऐकली नाही. सामाने ऐकली. ध्वजाभोवती मुले नाचत असताना ती त्याच्याजवळ आली.

"आर्य, तुम्ही एकटे येऊन काय करणार?"

"ते मलाही आज ठाऊक नाही, मुली," क्षेमक म्हणाला.

त्या वर्षी वेत्रदेशाने मध पाठवला नाही. कालसेनाचे कारकून वसुलीला आले, तेव्हा गावच्या पोरांनी त्यांच्या घोड्यांच्या शेपट्या कापल्या आणि त्यांना पायी परत लावून दिले. "आता आम्ही एकटे नाही," असे ती पोरे ओरडून सांगत होती. उदेयाने त्यांना रागे भरले खरे, पण रागावता रागावता त्याला हसू आवरले नाही. कितीतरी वर्षांत त्याच्या लोकांनी मान अशी वर केली नव्हती.

हे क्षेमकाच्या कानावर आले, तेव्हा त्याने जेवणाचे ताट बाजूला सारले. वेत्रदेशाला त्याने निरोप धाडला, 'मध पाठवा. मी मध्यस्थीला निघतो.' पण तेवढ्यात आभाळ फाटले आणि शोणा चढली.

कालसेन पावसातच निघाला. वेत्रदेशाचा एक पट्टीचा पोहणारा नदीत उडी घालून, फुटलेल्या गुडघ्यांनी दरबारात आला आणि म्हणाला, "खालची गावं जळाली. नायकांनी खिंड धरली आहे. चला."

सुबाहू वाईट माणूस नव्हता. त्याने त्याच दिवशी सैन्य काठावर नेले आणि नावा पाण्यात लोटल्या. पहिल्या दोन नावा मधल्या भोवऱ्यात सापडून उलटल्या. त्यातला एकही माणूस वर आला नाही. काठावर उभ्या असलेल्या सैनिकांनी आपल्या भावांची नावे घेऊन हाका मारल्या, मग कोणीच पुढे पाऊल टाकीना. पश्चिमेच्या राजांची उत्तरे आली. एकाने कळवले, 'पाणी ओसरल्यावर पाहू.' दुसऱ्याने कळवले, 'घोड्यांच्या शेपट्या आम्ही कापल्या नव्हत्या.'

राजा तंबूत डोके धरून बसला. "क्षेमका, तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

आपले खरे ठरले, याचे क्षेमकाला तिळभरही समाधान वाटले नाही. त्याने प्रधानकीची मुद्रा राजाच्या पायाशी ठेवली.

"महाराज, मला निरोप द्या. मी तिथे येईन असं म्हणालो होतो."

"एकटा मरायला जातोस?"

"ते लोक वाट पाहत असतील," क्षेमक म्हणाला. राजाने निरोप दिला.

वरच्या अंगाला, जिथे पात्र अरुंद होते, तिथल्या कोळ्यांनी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून दिली. तिला धरून क्षेमक पलीकडे लागला. अंगावर ओली वस्त्रे, पायांत काटे, असा तो खिंडीत पोहोचला. तो दिसताच लोक धावत आले. पण ते त्याच्याकडे पाहत नव्हते, त्याच्या मागच्या वाटेकडे पाहत होते.

"सैन्य मागून येतंय ना?" एका बाईने विचारले. तिच्या कडेवर मूल होते.

"नाही, माय. मी एकटाच आहे."

बाईने एकदा वाटेकडे पाहिले आणि ती खाली बसली.

उदेय एका दगडाला टेकून पडला होता. त्याच्या कुशीत बाण रुतला होता. क्षेमक त्याच्याजवळ बसला. म्हातारा म्हणाला, "मी तुम्हाला दरबारात बोललो."

"तुम्ही खोटं बोलला नव्हता, नायक. ज्याची पोरं मागितली, त्याला आम्ही सबुरी सांगत होतो."

"पोरांना वाटलं, आपल्यामागे डोंगर उभा आहे," उदेय म्हणाला. "मलाही वाटलं." आणि तिसऱ्या प्रहरी त्याने प्राण सोडला.

क्षेमक डोंगर उतरून थेट कालसेनाच्या छावणीत गेला. पहारेकऱ्यांनी त्याला बांधून राजापुढे उभे केले.

"कोण तू?"

"या लोकांनी ज्याच्या तोंडून शपथ ऐकली, तो मी."

कालसेनाने त्याला नीट न्याहाळले. तो म्हणाला, "मग ऐकून ठेव. तुझ्या राजाचा ध्वज तिथे नसता, तर मी या चिखलात आलो नसतो. मुलं मागितली होती, त्यावर घासाघीस झाली असती, थोडं मी सोडलं असतं. पण माझ्या कोठारांच्या डोक्यावर परक्याचा ध्वज? तो मी किती दिवस पाहत बसू?"

"खरं आहे," क्षेमक म्हणाला. "ध्वज मी रोवला, मीच उतरवतो. जो दंड करायचा तो मला करा. त्या लोकांना नदीकडे जाऊ द्या. त्यांच्यात आता लढणारं कोणी उरलेलं नाही."

"आणि तू?"

"तुम्ही म्हणाल तिथे राहीन."

कालसेन क्रूर होता, पण शत्रूच्या छावणीत एकट्याने चालत आलेला माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. त्याने लोकांना वाट दिली. वेत्रदेश मात्र त्याने ठेवून घेतला आणि क्षेमकाला जन्मभर आपल्या गडावर बंदी म्हणून राहायला सांगितले. क्षेमकाने ते मान्य केले.

पाणी उतरू लागले, तसे लोक निघाले. म्हाताऱ्यांना झोळीत घालून, शेरडांना पुढे हाकत ते खिंडीतून चालले होते. सामा सर्वांत पुढे होती. ध्वज उतरवून उभ्या असलेल्या क्षेमकापाशी ती थांबली. त्याच्या दोन्ही बाजूंना कालसेनाचे शिपाई होते.

"आर्य, तुम्ही म्हणाला होता तसे आलात," ती म्हणाली. "पण तुमचा शब्द आम्ही मागितला नव्हता. आम्ही राजाचा मागितला होता."

"होय, मुली."

"माझा बाप गेला. हा डोंगर गेला. मला तुमच्या पाया पडावंसं वाटतं आणि पडवत नाही."

"पडू नकोस," क्षेमक म्हणाला. "माणसं मोजत पुढे हो. कोणी मागे राहू देऊ नकोस."

ती गेली. सुबाहूने त्या लोकांना शोणेकाठी जमीन दिली. सपाट, काळी, चांगली जमीन होती. पण म्हातारी माणसे तिथे फार जगली नाहीत. पुढे तिघा राजांचा करारही मोडला. संकटात कोण येईल याचा भरवसा कोणालाच उरला नव्हता. क्षेमक कालसेनाच्या गडावर म्हातारा झाला. बंदिवासातही तो पहारेकऱ्यांची भांडणे मिटवी, आजाऱ्यांची शुश्रूषा करी आणि एका हिवाळ्यात तिथेच त्याचा अंत झाला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, आपल्या भिक्षूंना सांगितली. मग त्यांनी ही गाथा म्हटली:

"दुबळ्यास शब्द देण्याआधी आपले बळ पाहावे,
दिला तर त्याच्या दारी आपण स्वतः उभे राहावे."

आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुबाहू राजा म्हणजे मागे बसलेला हा भिक्षू विपुल. याने परवा एका आजारी वाटसरूला 'मी येतो' म्हणून सांगितले आणि गेला नाही. कालसेन म्हणजे दारापाशी बसलेला हा गृहस्थ, पूर्वीचा दरोडेखोर. उदेय नायक म्हणजे वृद्ध स्थविर अचल. सामा म्हणजे ही भिक्षुणी सुव्रता. आणि क्षेमक प्रधान मीच होतो. त्या जन्मी मी त्या लोकांचा देश वाचवू शकलो नाही. सत्यपारमिता, म्हणजे दिला शब्द खरा करण्याची साधना, तेवढी पाळली."

भिक्षुणी सुव्रता उठली. तिने शास्त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले आणि बराच वेळ ते उचलले नाही.