सरकारची लॉरी भरून आली

हिवरखिंडीच्या राजेसाहेबांनी लॉरी घेतली आणि गाडीवानांच्या पोटावर पाय आला.

"आमच्या शेतातली ज्वारी पेठेत जायची ती भाड्याच्या बैलगाडीतून? शोभतं का हे?" असं म्हणून त्यांनी शहरातून तांबडीलाल लॉरी आणवली. संस्थान एवढंसं, की लॉरीने हॉर्न वाजवला तर शेजारच्या संस्थानातली कुत्री भुंकायची. पण हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसला प्रकार!

पंचाईत पुढेच झाली. ज्वारी पेठेत उतरवून लॉरी परत यायची ती रिकामी, खडखड करत. वाटेत टेंभेगडच्या राजेसाहेबांचा वाडा. ते सज्जात बसून म्हणायचे, "आला बघा हिवरखिंडीचा रिकामा डबा." हे आमच्या राजेसाहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

त्यांनी गाडीवानांचा म्होरक्या सटवाजी याला बोलावलं. "उद्यापासून लॉरी तू सांभाळायची. ती रिकामी परत येता कामा नये."

"मग येताना व्यापाऱ्यांचा माल भरतो, सरकार."

"आमच्या लॉरीत वाण्याचं मीठ? खबरदार! परक्याचा एक दाणा तिला लागता कामा नये. आणि जमत नसेल, तर गाडीवानांनी ते गावाबाहेरचं कुरण सोडायचं. तिथे आम्हाला लॉरीसाठी घर बांधायचंय."

कुरण गेलं म्हणजे बैल गेले, आणि बैल गेले म्हणजे गाडीवानांनी गावच सोडायचं. सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी गजरा भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, उद्या लॉरीबरोबर मी जाते."

"तू जाऊन काय भरून आणणार?"

"सरकारचाच माल," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

सकाळी ज्वारीची पोती भरून लॉरी गेली. संध्याकाळी आली ती गच्च भरून, जराही न खडखडता. राजेसाहेब खुशीत पायऱ्या उतरून आले.

"शाब्बास! काय आणलंस, पोरी?"

"ज्वारी, सरकार."

"कोणाची?"

"आपलीच. सकाळी नेली होती ती."

राजेसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अगं, ती विकायला पाठवली होती!"

"विकली असती तर लॉरी रिकामी आली असती. एक तर ज्वारी विकायची, नाहीतर इभ्रत राखायची. मी इभ्रत राखली."

"तुमच्या बैलगाड्या तरी येताना काय भरून आणतात गं?"

"गावाचं मीठ, गूळ, रॉकेल. गेल्या साली राणीसाहेबांचा आरसासुद्धा पेंडीच्या पोत्यांवर बसून आला. बैलांना इभ्रत नसते, सरकार. त्यांना कडबा लागतो." मग तिने विचारलं, "आणि सुगी संपली की लॉरी काय करते?"

"उभी असते," राजेसाहेब पुटपुटले.

"बैल उभा राहिला तर शेण तरी टाकतो."

मागे उभ्या असलेल्या कारभाऱ्यांना एकदम खोकला आला. राजेसाहेब मिशी कुरवाळू लागले. "फार बोलतेस. पण आता लॉरी विकली तर तो टेंभेगडवाला जन्मभर हसेल त्याचं काय?"

"ते हसायचे थांबलेत, सरकार. लॉरी जातानाही भरलेली आणि येतानाही भरलेली! येताना असं काय आणलं असेल, या विचाराने ते कासावीस झाले. खुद्द नाक्यावर येऊन उभे राहिले आणि विचारलं, लॉरी विकणार का?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, काही झालं तरी सरकार विकायचे नाहीत. तेव्हा म्हणाले, मागाल ती किंमत देतो. त्यांचा माणूस फाटकात उभा आहे." गजराने पदर सावरला. "लॉरी असावी, सरकार. फक्त ती शेजाऱ्याची असावी. फारच घाई असली तर आपण भाड्याने मागवू. एरवी आमचे बैल आहेतच."

राजेसाहेबांनी आधी डोळे वटारले. मग त्यांना जे हसू फुटलं, ते पागोटं खाली पडलं तरी थांबेना.

ज्वारी उतरवून लॉरी त्याच संध्याकाळी टेंभेगडला गेली. गाडीवानांना कुरण कायमचं इनाम मिळालं आणि गजराला खिल्लारी बैलांची जोडी. दुसऱ्या दिवशी ती जोडी जुंपून, तीच ज्वारी घेऊन ती पेठेला निघाली.