हात मागे ठेवून फेटा

कुलथेबाई सकाळी लहानांना व्याकरण शिकवत आणि संध्याकाळी मोठ्या मुलामुलींना अडचणीतून वाट काढायला. दोन्ही वर्गांना खोली एकच. तीच बंद करायला संस्थेचे अध्यक्ष दौलतअण्णा इंगवले खिशात कुलूप घालून आले.

त्यांनी आठ वर्षांच्या रखमाला उभं केलं. "क्रियापदाची व्याख्या सांग."

रखमाने फळ्यावरच्या पाचही वाक्यांतलं क्रियापद बिनचूक दाखवलं.

"दाखवू नको, तोंडाने सांग! व्याख्या पाठ नाही म्हणजे काहीच येत नाही. बाई, आजपासून वर्ग बंद."

रखमा रडू लागली. धडधडीत येत असलेलं येत नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? बाईंचा संताप झाला, पण आवाज चढला नाही.

"अण्णा, गावातल्या प्रत्येक नवरदेवाला फेटा तुम्हीच बांधता ना?"

"वीस वर्षं!"

"मग हात मागे ठेवून सांगा, कसा बांधायचा."

"त्यात काय? एक टोक असं धरायचं, मग हे इकडून..." अण्णांचे हात आपोआप डोक्याकडे गेले.

"अण्णा, हात मागे!" रखमा डोळे पुसत ओरडली.

अण्णांनी हात मागे नेले. "मग ते टोक... असं... तिकडून..." हात पुन्हा डोक्यावर.

"व्याख्या पाठ नाही," बाई म्हणाल्या. "मग परवा तुमच्या पुतण्याला बोडकाच बोहल्यावर चढवायचा का?"

अण्णा कुलूप खिशातच घेऊन परत गेले.