पासवर्ड कोणाचा?

उद्यमनगरातलं वडिलांचं गॅरेज परवीन मुल्लाने हातात घेतलं, तेव्हा पोरगी इंजिन उघडते म्हणून गिऱ्हाइकं बिचकायची. अखेर अजितदादा हुक्केरी आले. गाडीला त्यांनी जादा ताकदीसाठी टर्बो बसवला होता आणि आता इंजिनाचा कंपनीचा कॉम्प्युटर काढून नवा बसवायचा होता. परवीनने एक साधा कॉम्प्युटर सुचवला. हे काम मिळालं, तरच गॅरेज टिकणार होतं.

तेवढ्यात इंजिनाचं सेटिंग करून देणारे शहरातले नामांकित ट्यूनर दिनकरराव सरनोबत आत शिरले.

"अजितराव, हे खेळणं कशाला? माझा रेसचा कॉम्प्युटर घ्या. सेटिंग झालं की मी पासवर्ड टाकतो. मग दुसरं कुणी हात घालू शकत नाही!"

अजितदादा डळमळले. परवीनने हळूच विचारलं, "मालकालाही पासवर्ड देत नाही?"

"नाही. माझी विद्या आहे ती."

"आणि आंबा घाटात गाडी अडली तर?"

"मला फोन करायचा. सवडीने येईन."

परवीनने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "मग बसा साहेब, गाडी तुमचीच झाली. अजितदादा, तुम्ही एसटी बघा."

अजितदादा खो खो हसले. "परवीन, तुझाच बसव. पण पासवर्ड?"

"तो तुम्ही टाका. काम असेल तेव्हा मला उघडून द्या."

पुढच्याच आठवड्यात सरनोबतांचं एक गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभं होतं. "ताई, मालकाला पासवर्ड देता ते गॅरेज हेच का?"