महाराजांच्या मिशीची बातमी

"तीन दिवस! तीन दिवसांत फितूर माझ्यापुढे आण. नाहीतर दुकानाला कुलूप आणि तू वेशीबाहेर!"

शूरध्वज महाराज असे गरजले की अत्तरवाले भिवाशेट गंधे होते तिथेच मटकन बसले. त्यांच्या मागे कुप्यांची पेटी घेऊन ठकू उभी होती. ठकू दुकानात बाटल्या धुवायची. ती बसली नाही. हातात पेटी होती ना!

झालं होतं असं. महाराजांच्या मिशा कोळशासारख्या काळ्याभोर, आणि तो काळेपणा भिवाशेटच्या दुकानातल्या कलपाचा. ही गोष्ट महाराजांना ठाऊक आणि दुकानाच्या वहीला ठाऊक. पण काल भर बाजारात एका सोंगाड्याने ओठांवर काजळ फासून महाराजांची नक्कल केली, आणि अख्खं गाव पोट धरून हसलं!

"आणखी एक," महाराज म्हणाले. "शोध घेताना त्या... त्या वस्तूचं नाव तुम्हा दोघांपैकी कुणाच्या तोंडून निघालं, तर शिक्षा तुम्हालाच!"

"पण महाराज, नाव न घेता चौकशी करायची कशी?"

"ते तुझं तू बघ!"

दुकानात येताच भिवाशेटनी पगडी आपटली. "हैबतीला आजच काढून टाकतो! घरोघर माल पोचवतो, घरोघर बडबडतो."

"आणि तो नसला तर?" ठकूने विचारलं.

"मग मुनीम दाजीबाला काढतो!"

"शेट, तोही नसला तर? दोन्ही घरच्या चुली विझवाल आणि बातमी फुटतच राहील. आधी सांगा, गिऱ्हाइकांची वही बघतं कोण कोण?"

"मी, दाजीबा, हैबती. आणि दर सोमवारी तिची नक्कल कोतवालाच्या चावडीवर जाते. शिक्क्याच्या कागदावर. सरकारी हुकूमच आहे तसा. सगळ्याच दुकानांना."

ठकूने बाटली खाली ठेवली. "मग दाजीबाला एक बातमी सांगू, हैबतीला दुसरी, चावडीला तिसरी. जी बाजारात फिरेल, तिथून गळती!"

"वा! सेनापतींच्या नावाने काहीतरी उठवू."

"दुसऱ्याचं नाव कशाला, शेट? एकाची अब्रू वाचवताना दुसऱ्याची घालवायची? तुमचंच नाव घालू."

भिवाशेटचा चेहरा पडला. पण वेशीबाहेर जाण्यापेक्षा हे बरं होतं. त्यांनी दाजीबाच्या कानात सांगितलं की आपल्याला टक्कल पडतंय, म्हणून चोरून तेल लावतो. हैबतीला सांगितलं की घोरण्यावर औषध घेतो. सोमवारच्या नकलेत मात्र त्यांनी ठकूच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने लिहिलं : 'भिवाशेट गंधे. वाळ्याचं अत्तर, दोन कुप्या. बायको समोर आली की दरदरून घाम फुटतो म्हणून.'

मंगळवारी दुपारी भिवाशेट भाजी घ्यायला गेले. भाजीवाली म्हणाली, "शेट, घरी निघालात? वाळा लावलात ना?"

पानवाला म्हणाला, "शेट, आज घाम कमी दिसतोय. वहिनी माहेरी गेल्या वाटतं!"

टकलाचं कुणी बोललं नाही, घोरण्याचंही नाही. घरी पोचले तर दारात बायको कमरेवर हात देऊन उभी! आता मात्र भिवाशेटना खरोखरच घाम फुटला.

ठकू तडक चावडीवर गेली. तिथे सगळ्या दुकानांच्या नकला खुंटीला टांगलेल्या. कामासाठी ताटकळत बसलेली माणसं वेळ जावा म्हणून त्या मोठ्याने वाचत होती आणि टाळ्या देत होती. जुन्या नकलांचं काय होतं? चावडीसमोरचा चणेवाला त्यांच्या पुड्या बांधत होता! ठकूने चणे घेतले. एकदा घेतले, दोनदा घेतले. सातव्या पुडीला तिला हवा होता तो कागद मिळाला.

बुधवारी भरल्या दरबारात महाराजांनी विचारलं, "सापडला फितूर?"

"सापडला, महाराज," ठकू म्हणाली. "पण आधी शिक्षा ठरवावी."

"गाढवावरून धिंड!"

"मग महाराज, गाढव राजेशाही बघावं लागेल." असं म्हणून तिने पुडी पुढे केली. "हे वाचावं."

महाराजांनी कागद उलगडला आणि तावातावाने मोठ्याने वाचलं, "शूरध्वज महाराज. मिशीचा कलप, तीन कुप्या..."

सगळा दरबार महाराजांच्या मिशीकडे बघू लागला.

"शब्द आमच्या तोंडून नाही निघाला हं, महाराज!" ठकू हात जोडून म्हणाली.

महाराज लालबुंद झाले. "हा कागद पुडीत आला कसा?"

"चावडीवरून. चावडीवर आला दुकानातून. आणि दुकानातून पाठवायचा हुकूम कुणाचा, तेही खाली शिक्क्यानिशी लिहिलंय."

शिक्का महाराजांचाच होता! ते दिवाणजींकडे वळले. "हा हुकूम मी कशासाठी काढला होता?"

दिवाणजी खाकरले. "आठवत नाही, महाराज. उपयोगी पडेल कधीतरी, असं आपण म्हणाला होतात."

"महाराज," ठकू म्हणाली, "माल पोचवायचा तर हैबतीला गिऱ्हाइकाचं घर ठाऊक हवं. चावडीला कोणाची मिशी रंगवायची होती?"

क्षणभर महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग आतून हसू फुटलं ते थांबेचना! हसता हसता डोळ्यांतलं पाणी मिशीवर ओघळलं, पुसायला गेले तर बोटं काळी झाली. ती बघून आणखी हसले, आणि मग दरबारही हसला. गाढवाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

महाराजांनी सगळ्या नकला जाळायला सांगितल्या, हुकूम तिथल्या तिथे रद्द केला आणि म्हणाले, "ठकूला सोन्याचे गोठ द्या!"

दिवाणजींनी लगबगीने दौत पुढे ओढली. "हं, बाई, सांगा. पूर्ण नाव? गाव? घर कुठल्या आळीत? नवरा काय करतो? मुलं किती? घरात दागिने आणखी कोणते?"

ठकूने हात पुढे केला.

"दिवाणजी, गोठांना मनगटाचं माप लागतं. तेवढं घ्या. आणि गोठ तयार झाले, की मापाचा कागदही माझ्या हातात द्या!"

महाराज सिंहासनावरून पडायचेच बाकी राहिले. "दिवाणजी," ते हसत हसत ओरडले, "गोठ चार करा! आणि आजपासून चावडीचे कागद कपाटात कुलूपबंद, किल्ल्या या बाईकडे!"