हिंदुरावांची प्रदक्षिणा

"...मग बाबा, आज्जाच्या समाधीच्या फरशीवर काय काय कोरू?" सयाजीनं मठातल्या लखमगीर बाबांना विचारलं. "दोन धरणं, तीन घाट, अडतीस वर्षं नोकरी. सगळं मावतंय, पण आज्जाचं नाव ठळक पायजे."

परवा हिंदुरावांचं वर्षश्राद्ध. हिंदुराव म्हणजे पंचक्रोशीतले पहिले डोझर ऑपरेटर. निवृत्त झाल्यावर पाच नातवंडांचा घोडा. सयाजी थोरला नातू. आज्जावर भारी जीव. आणि स्वतः पोकलेन चालवायला लागल्यापासून गड्याची मान जरा ताठच! मठाच्या वाटेवरची दरड काढायला तो मशीन घेऊन आला होता, अन् येता येता हा प्रश्न.

लखमगीर बाबा लिंबाखाली बसले होते.

"आज्जाकडनं काय शिकलास?"

"सगळं! बकेटनं अंडं उचलतो बाबा, तडा जात नाही."

"आणखी?"

"प्रदक्षिणा. मशीनला फेरी घातल्याबिगर आज्जा चावीला शिवायचा नाही. अंगणातला ट्रॅक्टर काढतानासुद्धा! आम्ही सगळी पोरं हात जोडून मागं मागं. लई देवभोळा माणूस."

"घाल बघू तशी."

सयाजीला तेच हवं होतं. नारळ फोडला, उदबत्ती लावली. डोळे अर्धवट मिटून, ओठांत मंत्र पुटपुटत फेरी पुरी केली आणि टुणकन केबिनमध्ये चढला. चावी लावली. बघतो तर लिंबाखाली बाबांची नुसती काठी.

"बाबा? सुरू करू का?"

"कर की!"

आवाज खालून आला... मशीनच्या खालून.

सयाजीनं चावी उपसली. उडी टाकून उतरला, वाकला. लखमगीर बाबा चाकांवरच्या लोखंडी चेनला डोकं लावून सावलीत निवांत आडवे पडले होते.

"बाबा! अहो, माझ्या हातनं जीव गेला असता की तुमचा!" रडूच फुटलं त्याला.

"गेला असता," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षांमागं असाच निजलो होतो. इथल्या घाटाचं काम चाललेलं. ऊन मी म्हणत होतं, आणि सावली काय ती डोझरचीच. कुणीतरी खांदा हलवला. हिंदुराव होता. म्हणाला, 'उठा महाराज, मला डोंगर हलवायचाय.'"



सयाजीच्या डोळ्यांपुढं आज्जा आला. फेरी घालताना कमरेत वाकलेला. घरचे म्हणायचे, वय झालं. आणि हात... हात आज्जानं कधी जोडलेच नव्हते. जोडले होते मागं चालणाऱ्या पोरांनी.

बाबा अंगावरची माती झटकत लिंबाखाली जाऊन बसले.

सयाजी पुन्हा निघाला. या खेपेला मंत्र नाही, उदबत्ती नाही. चेनीच्या आत डोकावला, बकेटखाली बघितलं, मागच्या बाजूला तर गुडघे टेकून बघितलं. चांगला वेळ लावला. मग केबिनच्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं म्हणाला,

"खाली कुणी नाही, बाबा!"

बाबांनी डोळे मिटले. म्हणाले,

"हिंदुराव रोज सकाळी असंच ओरडायचा... तेवढंच कोर फरशीवर."