चौथा सड वासराचा

फार वर्षांपूर्वी उंबरपठारावर नऊ घरं होती आणि दहावं ठकूचं. दहावं वेगळं मोजायचं कारण असं, की ठकू वाडीत राहायची खरी, पण वाडीचं ऐकायची नाही. ओढ्याच्या अलीकडे उतारावर तिची झोपडी, झोपडीला लागून गोठा, गोठ्यात पवळी नावाची तांबूस गाय आणि दारात कोंबड्या. किती कोंबड्या, ते तिलाही धड सांगता यायचं नाही. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेला. मूलबाळ झालं नाही. माहेरच्यांनी तिला न्यायला माणूस पाठवला, तर ठकूनं त्याला पोटभर ताकभाकरी वाढली आणि सांगितलं, "पवळी गाभण हाय, मला यायला जमायचं न्हाय." पुन्हा कोणी आलं नाही.

कोंबडा आरवतो म्हणून ठकू उठते, की ठकू उठते म्हणून कोंबडा आरवतो, यावर वाडीतली रिकामटेकडी माणसं भांडत बसायची. असं म्हणतात, की एकदा ठकूला हिवताप भरला आणि ती अंथरुणातून उठलीच नाही. त्या दिवशी पठारावरचा एकही कोंबडा आरवला नाही आणि सूर्य डोंगराआड घुटमळत राहिला. शेवटी ठकूच कण्हत कण्हत दारात आली आणि म्हणाली, "ये बाबा, ये. उठले मी." तेव्हा कुठे उजाडलं. खरं-खोटं तो डोंगर जाणे.

तिच्या सकाळच्या कामांना एक क्रम होता आणि तो क्रम म्हणजे तिचा देव. आधी कोंबड्यांवरचं डालगं उचलायचं. कोंबड्या फडफडत थेट गोठ्यात शिरायच्या आणि पवळीच्या पोटाखालच्या, मानेवरच्या गोचिड्या टिपून खायच्या. पवळी डोळे मिटून उभी. मग शेण काढायचं, गव्हाण झाडायची, अंगणात सडा टाकायचा. मग वासराचं दावं सोडायचं. वासरू ढुशा देत प्यायला लागलं, पवळी त्याला चाटायला लागली, की पान्हा यायचा, आणि तेव्हा ठकू गुडघ्यांत चरवी धरून खाली बसायची. तीन सड पिळायची. चौथ्याला हात लावायची नाही.

"तो त्याचा," म्हणायची.

बाकीच्या वाडीत चारही सड निपटून काढायची रीत होती. वासराच्या वाट्याला उरलासुरला थेंब. त्यामुळे ठकूचा हा उधळेपणा आणि तिच्या गोठ्यात फिरणाऱ्या कोंबड्या, या दोन्ही गोष्टी लोकांच्या डोळ्यांत सलायच्या. सगळ्यांत जास्त शेजारच्या धुरपा म्हातारीच्या. म्हातारी रोज सकाळी काठी टेकत यायची आणि कुडाबाहेरून ओरडायची, "अगं ठके, कोंबड्या गोठ्यात? पिसवा व्हतील गाईला! पीस पोटात गेलं तर गाय फुगून मरंल!"

"धुरपाकाकी, तुमच्या म्हशीच्या कानात गोचिड्यांनी संसार मांडलाय. त्यांच्या पोरांचं बारसं कधी, तेवढं सांगा."

म्हातारी फणकाऱ्यानं निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी हेच सांगायला पुन्हा यायची. माणसं असंच प्रेम करायची तेव्हा.

मग एक वर्ष असं आलं, की पावसाळा सरता सरता पठारावर जनावरांचा रोग आला. तोंडाला लाळ, खुरांत जखमा, की चार दिवसांत जनावर आडवं. गाई गेल्या, म्हशी गेल्या, मागोमाग शेरडंही गेली. नऊ घरांचे गोठे ओस पडले. आणि एका सकाळी पवळीच्याही तोंडातून लाळेची तार सुटली.

ठकू भेदरली. वासरू जेमतेम दोन महिन्यांचं होतं, अजून दुधावरचंच. ते तरी वाचावं म्हणून तिनं त्याला आईपासून तोडलं, ओढ्यापलीकडच्या रिकाम्या मेंढवाड्यात नेऊन बांधलं. दिवसातून दोनदा कण्यांची पातळ पेज घेऊन जायची. पवळी इकडून हंबरायची, वासरू तिकडून. मध्ये ठकू, दोन्हीकडचं ऐकत. दुसऱ्या दिवशी डोंगरात ढग फुटला आणि ओढ्याला पूर आला. दोन दिवस पाणी उतरलं नाही. पलीकडचा आवाज आधी बारीक झाला, मग थांबला. तिसऱ्या दिवशी ठकू कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेली, तर दाव्याला ताण देऊन, तोंड गोठ्याच्या दिशेला करून वासरू पडलं होतं. रोगाचं एक लक्षणही अंगावर नव्हतं. ते भुकेनं गेलं होतं.

तिनं त्याला उंबराखाली पुरलं.

पवळी मात्र वाचली. गोचिड्यांनी तिचं रक्त शोषलं नव्हतं म्हणून ती तगली, असं म्हणतात. पण वाचून उपयोग काय? तिनं पान्हा चोरला. ठकू जवळ गेली की लाथ झाडायची, हात लावू द्यायची नाही. आणि ठकूचंही अवसान गेलं. डालगं दुपारी उचलायची, शेण तसंच पडायचं, सडा नाही. गाईच्या डोळ्याला डोळा द्यायची तिला लाज वाटायची.

असे पाच दिवस गेले आणि सहाव्या दिवशी पहाटे धुरपा म्हातारी दारात उभी राहिली. या वेळी ती ओरडली नाही. पदराखाली तिनं काहीतरी धरलं होतं. तिची सून आदल्या दुपारी बाळंत झाली होती आणि तिन्हीसांजेला गेली होती. मूल तेवढं राहिलं होतं. वाडीत अंगावर पाजणारी एकच बाई, तिची जुळी, तिचं दूध त्या दोघांनाच पुरत नव्हतं. कापसाचा बोळा गूळपाण्यात बुडवून म्हातारीनं कशीबशी वेळ काढली होती, पण आता बाळ बोळाही चोखत नव्हतं.

"ठके," म्हातारी म्हणाली, "पठारावर एकच दुभती गाय उरलीय."

ठकू चरवी घेऊन उठली. पवळीच्या कासेला हात लावला मात्र, अशी लाथ बसली की चरवी उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेली. पुन्हा बसली, पुन्हा लाथ. एक थेंब नाही.

"वासराचं कातडं आण," म्हातारी काकुळतीला आली. "पेंढा भरू, म्होरं ठिवू. वास आला की सोडंल ती. समदी जगरहाटी अशीच चालती."

"पुरलंय मी त्याला."

"मग उकर!"

"न्हाय काकी," ठकू म्हणाली. "एकदा तिचं लेकरू उपाशी मारलं. आता त्याच्याच कातड्यानं तिला फसवू? त्या दुधानं पोर जगायचं न्हाय."

मग ठकूनं जे केलं, ते बघून म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. ती उठली आणि तिनं डालगं उचललं.

"अगं मेले! लेकरू मरायला टेकलंय आणि तू कोंबड्या सोडती?"

पण ठकूला ऐकूच येत नव्हतं. कोंबड्या पाच दिवसांनी पुन्हा वेळेवर गोठ्यात शिरल्या आणि पवळीच्या पायांत टिपायला लागल्या. ठकूनं शेण काढलं. गव्हाण झाडली. अंगणात सडा टाकला. म्हातारी शिव्या देत होती, रडत होती, पण तिच्या लक्षात आलं की गाईची शेपटी आता झाडायची थांबली आहे. मग वासराचं दावं सोडायची वेळ आली. खुंट्याला नुसतं दावं होतं. ठकूनं ते रिकामं दावं सोडलं, हातात घेतलं आणि पवळीच्या पुढ्यात जाऊन बसली.

"चुकले गं," ती म्हणाली. "वाचवायला गेले आणि उपाशी मारलं त्याला. तू हाका मारत व्हतीस, मी ऐकत व्हते. मला मार, पण ह्याला मारू नकोस. ह्याची आई बी कालच गेली."

आणि तिनं म्हातारीच्या पदराखालून बाळ घेतलं, फडकं बाजूला केलं आणि वासरू जिथं उभं राहायचं तिथं, स्वच्छ झाडलेल्या भुईवर, उघडं ठेवलं.

पवळीनं मान खाली केली. हुंगलं. बराच वेळ हुंगलं. म्हातारीनं डोळे गच्च मिटून घेतले. मग गाईनं आपली खरखरीत जीभ काढली आणि बाळाला पायांपासून टाळूपर्यंत चाटलं, एकदा, दोनदा, सात वेळा. रात्रभर मुकं असलेलं पोर टाहो फोडून रडलं. आणि त्या रडण्यासरशी, कोणी हात लावलेला नसताना, पवळीच्या चारही सडांतून दुधाच्या धारा भुईवर पडल्या, असं म्हणतात.

धुरपा म्हातारी चरवी आणायला धावली. ठकूनं तीन सड पिळले. चौथ्यापाशी तिचा हात थांबला. मग तिनं बाळाला उचललं आणि चौथ्या सडाला त्याचं तोंड लावलं.

"हा ह्याचा," ती म्हणाली.

दृष्ट लागू नये म्हणून पोराचं नाव केरू ठेवलं. बारशाच्या दिवशी ठकूनं ते आधी पवळीच्या कानात सांगितलं, मग आत्यानं पाळण्यात. आत्या जरा रुसली, पण धुरपा म्हातारीनंच तिला गप्प केलं. रोज उजाडता म्हातारी नातवाला घेऊन यायची. कामं उरकेपर्यंत ठकू त्याला कोंड्याच्या टोपलीत निजवायची, आणि काबरी नावाची एक खुडूक कोंबडी, जिच्याखाली एकही अंडं नव्हतं, ती टोपलीत त्याच्या कुशीला येऊन बसायची. म्हातारी आता पिसवांचं नाव काढत नव्हती. पवळीनं त्यानंतर बारा वर्षं दूध दिलं, पुन्हा न विता. असं कसं होईल, म्हणून खालच्या गावचे लोक हसतात. पठारावरची माणसं म्हणतात, हसायला काय झालं, वासरू होतं की तिला.

पुढे पठारावर नवी जनावरं आली. तेव्हापासून ठकूला एक खोड लागली. सकाळची कामं झाली की ती नऊही घरांवरून जायची आणि प्रत्येक दारात विचारायची, "वासरू प्यालं का?" प्यालं म्हटलं की पुढे. कोणी चाचरलं, की तिथंच उंबऱ्यावर फतकल मारून बसायची. वासरू सोडल्याशिवाय उठायची नाही. लोक वैतागायचे, हसायचे, आणि हळूहळू वासरू आधी सोडायला लागले. कोणी भांडायला गेलं तर त्याला दिसायचं, की विचारताना तिचे डोळे ओढ्यापलीकडे गेलेले असतात.

पवळी गेली, तिला वासराशेजारी उंबराखाली ठेवली. धुरपा म्हातारी गेली. ठकूच्या गोठ्यात आता मोरी नावाची गाय होती, तिला महिन्याचं वासरू होतं, आणि ठकू पार वाकली होती. केरू बाप्या माणूस झाला, त्याचा संसार झाला, पण उजाडलं की आधी तो ठकूच्या दारात यायचा. तिला आये म्हणायचा.

अशाच एका सकाळी तो आला, तर डालगं उचललेलं होतं. कोंबड्या मोरीच्या पायांत टिपत होत्या. शेण काढलेलं, गव्हाण झाडलेली, अंगणातला सडा अजून ओला. उंबऱ्यात पळसाच्या पानानं झाकलेली दुधाची चरवी. आणि गोठ्यातल्या खांबाला टेकून ठकू बसली होती, मांडीवर दावं.

"आये," त्यानं हाक मारली. मग तिचा हात धरला. हात गार होता, कडक झाला होता. जीव जाऊन कितीतरी वेळ झाला होता. केरूनं चरवीवरचं पान उचललं. दूध कोमट होतं आणि त्यावर फेस होता.

वाडी गोळा झाली. कोणी म्हणालं, शेजारणीनं कामं केली असतील. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. ठकू देवाघरी निघाली आणि कामं राहिली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आली, असं म्हणतात. आणि सगळं उरकूनही ती जात नव्हती, कारण तिचे डोळे मिटत नव्हते. बायकांनी दोनदा मिटले, दोनदा ते पुन्हा उघडले.

केरू उठला आणि मोरीच्या वासराकडे गेला. त्याच्या तोंडाला दूध लागलेलं होतं, पोट टम्म होतं. तो परत येऊन ठकूच्या पुढ्यात बसला, जशी ती कधीकाळी पवळीच्या पुढ्यात बसली होती.

"प्यालं गं आये," तो म्हणाला. "समद्यांची प्याली. तू जा आता."

तेव्हा डोळे मिटले.

उंबरपठारावर आता नऊ-दहा नाही, शंभरावर घरं आहेत. डेअरीची गाडी वर येते. तरी तिथं चौथा सड अजून कोणी पिळत नाही. डेअरीवाला वाद घालून थकला. मूल बारा दिवसांचं झालं की आत्या पाळण्याजवळ जायच्या आधी त्याला पहाटे गोठ्यात नेतात, गाईला चाटू देतात आणि नाव पहिल्यांदा गाईच्या कानात सांगतात. उंबराखाली वासराचा, पवळीचा आणि ठकूचा असे तीन दगड आहेत, त्यातल्या मधल्यावर पहिलटकरणी दुधात बुडवलेली बोटं टेकवतात.

आणि सकाळी कोणी भेटलं, तर त्या पठारावर रामराम म्हणत नाहीत. ज्याच्या दारात एक शेपूटही नाही, त्यालाही विचारतात. शाळेत निघालेल्या पोराला विचारतात. ज्या घरात कालच कोणी गेलं आहे, त्या घरात तर आवर्जून जाऊन, उंबऱ्यावर बसून विचारतात,

"वासरू प्यालं का?"

आणि 'प्यालं' असं उत्तर आल्याशिवाय तिथून कोणी उठत नाही.