पाच तांबे आणि पटकीचं दप्तर

"उद्या बाराच्या ठोक्याला हे सगळे कागद नबीलाल आतषबाजीवाल्याच्या गाडीत चढतील, आणि परवा माझ्या वाढदिवसाला त्यांचे फटाके उडतील!" कुंभेरीचे राजे बहिर्जीराव म्हणाले, आणि दप्तर झाडणाऱ्या सगुणेच्या हातातला झाडू जागीच थांबला.

कागद होते पटकी-निवारण कचेरीचे. पटकीनं अर्धं गाव ओस पाडलं तेव्हा ही कचेरी निघाली. तिच्या माणसांनी घरोघर हिंडून कोण आजारी, कोण कुठलं पाणी पितं ते लिहून काढलं, वाईट पाण्याच्या विहिरींवर लाल पट्टा ओढला, आणि साथ हटली. साथ हटताच दरबारानं कचेरीही हटवली! आजार गेला, आता वैद्याला कशाला पोसायचं?

खातं मेलं, पण त्याच्या दप्तराला वारस मिळेना. महसूलवाले म्हणाले, आमचं नाही. नगरवाले म्हणाले, आमचं तर मुळीच नाही. जमीनजुमला असता तर याच मंडळींनी एकमेकांची डोकी फोडली असती! कागद म्हटल्यावर सगळ्यांनी हात झटकले.

त्यात वाढदिवसाच्या हौसेपायी राजांनी गावातल्या यच्चयावत विहिरींना चुना फासला. लाल पट्टे चुन्याखाली गेले. सगुणेची आळी साथीनंतर वसलेली. तिथं कुणालाच जुन्या खुणा ठाऊक नव्हत्या. बाया पोहरा घेऊन दिसेल त्या पांढऱ्याशुभ्र विहिरीवर जात होत्या, आणि सगुणेची दोन्ही पोरं तेच पाणी पीत होती.

ती पुढं झाली. "सरकार, एवढे कागद ठेवा. वाईट विहिरी कुठल्या, ते आता त्यांच्यातच राहिलंय."

दिवाण आबाजीपंत खेकसले, "झाडूवालीनं सल्ला द्यायचा, मग दिवाणानं काय झाडू मारायचा?"

"मारा की, दिवाणजी! धूळ भरपूर आहे, दोघांना पुरेल."

राजांना हसू आलं; पण हट्ट तो हट्टच. "बरं! उद्या बारापर्यंत मुदत. एकही गठ्ठा उघडायचा नाही, एक अक्षर वाचून दाखवायचं नाही. तरी माझ्याच तोंडून निघालं पाहिजे की हे दप्तर मला हवं. निघालं तर कागद राहतील. नाही तर पहिल्या फटाक्याला बत्ती तू लावायची! आणि ध्यानात ठेव, दिलेला हुकूम मी आजवर मागं घेतलेला नाही."

"मागं कशाला घ्यायचा, सरकार? त्याच्यावर नवा द्या!"

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. राजे सकाळपासून मैदानावर भुईनळ्यांची रांग लावून घेत होते. वाड्यावर परतले तेव्हा घशाला कोरड पडली होती. दाराशी नबीलालची गाडी उभी, गाडीत गठ्ठे रचलेले.

"पाणी!" राजे ओरडले.

सगुणा पुढं आली. तिच्या हातातल्या मोठ्या परातीत पाच तांबे होते. राजांनी पहिला उचलला, ओठांना लावणार, तोच ती हळूच म्हणाली,

"प्या, सरकार. लाल पट्टे काही आता राहिले नाहीत. बघायचं काय कारण?"

तांब्या ओठांपाशीच थांबला. राजांनी तो खाली ठेवला, दुसरा उचलला. त्याचा वास घेतला. तिसऱ्यात डोकावले. पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.

"हे कुठल्या विहिरीचं?"

"पांढऱ्या, सरकार."

"आणि हे?"

"तेही पांढऱ्याच! सगळ्याच पांढऱ्या झाल्यात ना आता."

"काढ ते समोरून! माझ्या वाड्यातल्या विहिरीचं पाणी आणा!"

"आणते की. तिलाही परवाच चुना दिलाय. आधी तिच्यावर पट्टा होता की नव्हता, तेवढं कुणीतरी सांगा."

राजांनी सेवकांकडे पाहिलं. सेवकांनी दिवाणांकडे पाहिलं. राजे दिवाणांकडे वळले. "आबाजीपंत! आपल्या विहिरीवर पट्टा होता का?"

आबाजीपंतांनी पगडी सारखी केली, घसा खाकरला, आणि जन्मभर सवयीनं जे उत्तर देत आले तेच दिलं, "दप्तर पाहून सांगतो, सरकार!"

"मग बघता काय माझ्या तोंडाकडे? आणा ते दप्तर! आत्ताच्या आत्ता पाहिजे मला!"

दप्तर हवं, हे राजांच्याच तोंडून निघून गेलं होतं. घड्याळात बाराचे ठोके पडू लागले. नबीलाल मुकाट्यानं गाडीतले गठ्ठे उतरवायला लागला. सगुणेनं पाचवा तांब्या उचलला नि घटाघटा पिऊन टाकला.

"अगं अगं! वाईट असलं तर?" राजे दचकून म्हणाले.

"पाचही तांबे उकळून गार केलेत, सरकार. तुम्हाला बरं-वाईट पाजायला मी काय दिवाण आहे?"

"म्हणजे फसवलंस मला!"

"मी तर 'प्या' म्हणत होते! न पिण्याचा हुकूम सरकारांनी स्वतःच स्वतःला दिला."

राजे आधी लाल झाले, मग गालांत हसले, आणि मग एवढ्या मोठ्यानं हसले की गाडीचे बैल बिथरले. मग त्यांनीही परातीतला एक तांब्या उचलून रिकामा केला नि मिशा पुसल्या.

"लाल रंग कालवा! आज सूर्य मावळायच्या आत कागद बघून प्रत्येक वाईट विहिरीवर पट्टा ओढा. पट्टे आबाजीपंत ओढतील, स्वतःच्या हातानं! आणि सगुणे, आजपासून या दप्तराची मालकीण तू. पगार दिवाणाइतका!"

सगुणेनं कानाला हात लावला. "नको, सरकार! दिवाणजींइतका पगार घेतला, तर मलाही काही आठवायचं नाही!"

राजांना पुन्हा हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं नि तिच्या परातीत टाकलं.